पेढ्यावरून केलेली नोंद

मी आयुष्यात एकदाच छापून आले, आणि तेसुद्धा चूक म्हणून. नाव नाही, फोटो नाही. कुठल्याशा इंग्रजी वैद्यकीय मासिकात, शेवटून दुसऱ्या पानावर, बारीक अक्षरात एक वाक्य आहे. माझी नात नर्सिंगला आहे. तिने ते मोबाइलवर शोधून काढलं आणि मराठी करून मोठ्याने वाचलं: "सुरुवातीला काही स्त्रियांच्या उपचारांची निष्पत्ती कुटुंबाने आणलेल्या मिठाईवरून नोंदली गेली होती. चूक लक्षात आल्यावर घरोघरी जाऊन नोंदी दुरुस्त केल्या."

नात पलंगावर लोळून लोळून हसली. "आजी, मिठाईवरून? कोण गं ही हुशार बाई?"

"होती एक," मी म्हटलं. "अक्षर फार देखणं होतं तिचं."

हे वाक्य लिहिणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडे मी अकरा वर्षं नोकरी केली. शहाद्याहून लोणखेड्याकडे जाणाऱ्या रस्त्याला त्यांचा दवाखाना होता, मूल होत नाही म्हणून येणाऱ्या जोडप्यांचा. बाई मूळच्या कुठल्या, हे शेवटपर्यंत कुणाला कळलं नाही. विचारलं की म्हणायच्या, "पेशंट तू आहेस का मी?" बुटक्या, गोऱ्या, साडीवर कायम एक बिनबाह्यांचं जाकीट. जाकिटाच्या डाव्या खिशात भाजलेल्या शेंगा, उजव्यात शेंगांची टरफलं. बोलता बोलता शेंग फोडायच्या आणि गडबडीत कधी कधी दाणे उजव्या खिशात टाकून टरफल तोंडात घालायच्या. तेही चावून खायच्या, कारण चूक कबूल करायची तर ती नोंद करून करायची असा त्यांचा नियम होता आणि त्या वेळी हातात पेन नसायचं.

अहिराणी त्या पेशंटांकडून शिकल्या. त्यामुळे "पोट दुखस का? उलटी व्हस का? पाळी कव्हय उनी?" हे अस्खलित यायचं, पण बाजारात वांगी मागायची वेळ आली की बोट दाखवायच्या. भाजीवाली त्यांना पाहिलं की तोंडावर पदर धरून हसायची. एकदा कोथिंबीर ताजी आहे का हे विचारायला बाईंनी जो शब्द वापरला, तो मी इथे लिहिणार नाही. नात वाचणार आहे.

मला त्या नावाने हाक मारत नसत. लोणखेड्याच्या कॉलेजातून मी बी.कॉम. झाले आहे हे पहिल्याच दिवशी मी चार वेळा सांगितलं, तेव्हापासून मी 'बीकॉम'. "बीकॉम, रजिस्टर." "बीकॉम, पंखा." "बीकॉम, तोंड मिट."

तेव्हाची मी म्हणजे एक प्रकरणच होतं. पस्तिशी उलटलेली, दोन पोरांची आई, पण दवाखान्यात जाताना काळा गॉगल लावायची. बाईंनी एक अभ्यास हातात घेतला आणि त्याच्या नोंदी माझ्याकडे दिल्या, त्या दिवशी मी घरी येऊन सासूबाईंना सांगितलं, "मी आता संशोधनात आहे." त्या भाकरी थापत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "काय हारपनं व तुन्हं, जे शोधी ऱ्हायनी?"

आता वाटतं, सबंध तालुक्यात माझं काम नेमकं कळलेली ती एकटीच बाई होती.

बाईंच्या दवाखान्यात पाय ठेवला की पहिली गोष्ट डोळ्यांत भरायची ती भिंत. कोरी. या धंद्यातल्या इतर दवाखान्यांच्या भिंती तुम्ही पाहिल्या असतील: गुबगुबीत बाळांचे फोटो, हार घातलेले आईबाप, मधोमध डॉक्टर. आमच्याकडे फक्त बियाणांच्या दुकानाचं एक कॅलेंडर. मी एकदा म्हटलं, "बाई, आपणही फोटो लावू या ना. आपल्याकडे काय कमी आहेत?"

"लाव," त्या म्हणाल्या. "आणि ज्यांना झालं नाही त्यांचे कुठे लावतेस?"

"त्यांचे कशाला?"

"मग भिंत बघणाऱ्या बाईला कळणार कसं, किती जणी आल्या आणि त्यातल्या किती जणींचा फोटो निघाला?"

मी तो विषय सोडला. कळलं म्हणून नव्हे. खिळे आणायचा कंटाळा आला होता.

दुसरा नियम, तपासणी दोघांची. एकटी बाई आली तर तिला चहा मिळायचा, तपासणी मिळायची नाही. नवऱ्याला घेऊन ये. नवरे यायचे, मिशीवर हात फिरवत, आणि एकच वाक्य बोलायचे: "मन्हामा काही खोट नई शे, डॉक्टरीनबाई."

"खोट कोण विचारतंय, भाऊ? वय विचारलं. वय किती?"

आणि 'वांझ' हा शब्द. एखाद्या सासूच्या तोंडून तो निघाला की बाई हातातलं काम थांबवायच्या. "बाहेर जा. दारातून पुन्हा आत ये. येताना दुसरा शब्द घेऊन ये." सासवा बिचाऱ्या दाराबाहेर उभं राहून दुसरा शब्द शोधायच्या. एक म्हातारी पाऊण तास बाहेर होती. मग आत येऊन म्हणाली, "मन्ही सून." बाई उठल्या आणि तिला स्वतःची खुर्ची दिली.

पण बाईंचा सगळ्यात गाजलेला शब्द होता, 'मग?'. कुणी काहीही सांगितलं की 'मग?' टेस्ट पॉझिटिव्ह आली. मग? सगळ्यांना आनंद झाला. मग? दुपारी जेवण झालं की त्या मोठमोठ्या डॉक्टरांनी छापलेले लेख घेऊन बसायच्या आणि सुपात धान्य घोळावं तसे ते घोळायच्या. खडा सापडला की समासात हिरव्या शाईने लिहायच्या: मग? मी विचारायची, यात काय चुकलंय? तर म्हणायच्या, "यांनी टेस्टा मोजल्या, बाळं मोजली नाहीत. आपल्याकडचा शेतकरी कपाशीला पाते लागलं म्हणून कापूस विकायला काढतो का? पाते गळतं, फूल गळतं, बोंड सडतं. आणि हे बघ, शंभर जणी घेतल्या म्हणतात आणि शेवटी नव्वदच. दहा जणी कुठे गेल्या? वारल्या, पळाल्या, का उडाल्या? एक ओळ लिहायला काय जातं यांचं?"

अशा माणसाने स्वतः अभ्यास करायला घेतला म्हणजे काय होणार, ते मला तेव्हाच कळायला हवं होतं.

अभ्यास साधा होता. मूल राहावं म्हणून देण्याच्या दोन गोळ्या, एक जुनी, एक नवी, दोन्ही बाजारात चालणाऱ्या. आपल्या भागातल्या बायांना कोणती बरी, ते बघायचं. बाहेरगावच्या मोठ्या कॉलेजच्या समितीची परवानगी आणलेली. प्रत्येक बाईला तिच्या बोलीत समजावून तिची संमती घेतलेली. कुणाला कोणती गोळी ते बाईंनी ठरवायचं नाही, मीही नाही. बंद पाकिटांत चिठ्ठ्या, वरचं पाकीट उचलायचं, जी निघेल ती. आणि प्रत्येक बाईला एक नंबर. नाव कुलपात, नंबर बाहेर.

पहिल्याच आठवड्यात मला शोध लागला की पाकीट ट्यूबलाइटसमोर धरलं की आतलं दिसतं. मग काय विचारता! मला जी बाई आवडायची तिला मी नव्या गोळीचं पाकीट काढून द्यायची. नवी गोळी गुलाबी होती, चांगलीच असणार. बाईंनी मला रंगेहाथ पकडलं, पाकीट ट्यूबकडे आणि एक डोळा मिटलेला. ओरडल्या नाहीत. सगळी पाकिटं गोळा केली, आठवड्याभराचं सगळं काम बाद धरलं, समितीला तसं कळवलं आणि नव्या पाकिटांत चिठ्ठीभोवती काळा कार्बन पेपर घालून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. एवढंच म्हणाल्या, "आता कितीही उजेड कर."

पहिलं पाकीट फोडण्याआधी त्यांनी एक कागद औषधांच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवला होता. त्यावर हिरव्या शाईत दोन ओळी: 'मोजायचं ते जिवंत जन्मलेलं बाळ. त्याच्या अलीकडे थांबायचं नाही. आईला झालेला त्रासही लिहायचा.' त्या दाराला खाली माझा आरसा अडकवलेला असायचा. रोज दोनदा मी त्या कागदाखाली उभी राहून पावडर लावली. वाचला एकदाही नाही.

मग बाई लुनावरून पडल्या. उसाच्या ट्रॉलीला वाट देताना गाडी खड्ड्यात गेली आणि पाय मोडला, मोडला तोही दोन ठिकाणी. कितीतरी महिने त्या घरी. तपासायला गावातल्याच एक तरुण डॉक्टर येऊन जायच्या. रजिस्टर मात्र पूर्णपणे माझ्या हातात.

रजिस्टरचा शेवटचा रकाना होता 'निष्पत्ती'. तो बऱ्याच जणींपुढे रिकामा होता. रिकामी जागा मला बघवतच नाही, अजूनही नाही, म्हणून तर माझ्या घरात इतकी भांडी आहेत. पण बायकांचं काय? टेस्ट झाली की त्या जायच्या. कुणी पहिलटकरीण म्हणून माहेरी जायची. डोंगरातली दिवाळीनंतर नवऱ्याबरोबर ऊसतोडीला गुजरातेत जायची. बाळंत होऊन मला सांगायला कोण येणार? यायचे ते पेढे.

आमच्याकडे मुलगा झाला की पेढे, मुलगी झाली की बर्फी. पण दहा-दहा वर्षं वाट पाहिलेल्या घरांना एवढा धीर कुठला? टेस्ट आली की त्याच आठवड्यात खोकं. आणि तेव्हा काहीच ठाऊक नसूनसुद्धा सगळे पेढेच आणायचे, बर्फी एकानेही आणली नाही. मी खोकं उघडायची, दोन खायची, आणि त्या नंबरापुढे माझ्या देखण्या अक्षरात लिहायची: 'यशस्वी'. वर लाल शाईचा तारा. ज्यांच्याकडून वेळेत काहीच आलं नाही, त्यांच्यापुढे: 'अयशस्वी'. एकही रकाना रिकामा नाही. रजिस्टर असं दिसत होतं की फ्रेम करून लावावं.

मला बक्षिसाची खात्री होती. शहरातल्या एका बड्या डॉक्टरांनी बाईंना फोन करून सांगितलं होतं, महिनाअखेरीपर्यंत आकडे पाठवा, आमच्या परिषदेत तुमचा लेख वाचू. बाईंच्या वर्गातले सगळे तिथे येणार होते. बाई नंदुरबार जिल्ह्यात जाऊन कुजल्या असं ज्यांनी वीस वर्षं म्हटलं, ते सगळे. बाईंचा हा पहिला अभ्यास, आणि वय बघता शेवटचाही. त्या बोलत नसत, पण त्या महिन्यात शेंगा दुप्पट खाल्ल्या जात होत्या. मीही बरोबर जाणार होते. सुरतेहून साडी आणवून ठेवली होती, मोरपंखी.

बाई कुबडी टेकत दवाखान्यात आल्या, खुर्चीत बसल्या आणि रजिस्टर उघडलं. मी शेजारी उभी, कौतुकाची वाट बघत.

"सतरा नंबर. बाळंत कधी झाली?"

"यशस्वी आहे, बाई."

"तारीख लिहिली आहेस ती कशाची?"

"पेढ्यांची."

त्यांनी चष्मा काढला. "कशाची?"

"पेढे आले त्याची. पाव किलो होते."

"मग?"

"मग... यशस्वी."

"बीकॉम, पेढा हलवायाने दिला. बाळ कुणी पाहिलं?"

एकतीस नंबरवर त्यांचं बोट आलं. "ही अयशस्वी कशी?"

"ती आलीच नाही. काही पाठवलंही नाही."

"डोंगरातली बाई पेढे कुठून पाठवील? आली नाही तर आली नाही असं लिही. तिला नापास करणारी तू कोण?"

मग त्या उठल्या, कपाटाचं दार उघडलं, माझा आरसा काढून माझ्या हातात दिला आणि तो कागद मला मोठ्याने वाचायला लावला. तीन वेळा.

रजिस्टर घोळून झालं तेव्हा बऱ्याच जणींचे बाळंतपणाचे दाखले मिळाले, पण सात जणी अशा निघाल्या की ज्यांचं पुढे काय झालं ते या जगात कुणीही विचारलेलं नव्हतं. महिनाअखेर आठ दिवसांवर होती. बाईंनी बड्या डॉक्टरांना फोन लावला. तिकडचा आवाज मला इकडे ऐकू येत होता: "अहो, पॉझिटिव्ह टेस्ट धरा की! सगळे तेच धरतात. सात जणींनी काय फरक पडतो?"

"पडतो का नाही, ते त्या सापडल्यावर सांगते," बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

मी रडकुंडीला आले. "बाई, तारीख जाईल. सगळे तुम्हाला हसतील."

"हसू दे. जीप सांग."

जीपवाला तळोद्याचा होता, डोंगरात रोज ये-जा करणारा, तिथली पावरी बोली बोलणारा. मोडक्या पायाच्या बाई पुढे, मी मागे गॉगल लावून. अक्कलकुव्याच्या वर एकतीस नंबरच्या पाड्यावर पोचलो तर घराला कडी. शेजारच्या म्हाताऱ्याने हात पश्चिमेकडे केला. ऊसतोडीला गेलेत, सीमेपलीकडे. बाई म्हणाल्या, चला. तो दिवस तसाच गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी उसाच्या फडाशेजारी पाचटाच्या खोपटांच्या रांगेत ती सापडली. मांडीवर तीन महिन्यांची पोर.

मी टाळीच वाजवली. "बाई! यशस्वी!"

बाईंनी माझ्याकडे बघितलंही नाही. खाली बसल्या, पाय लांब करून. पोर जन्मली कुठे, दिवस भरले होते का, तुला काय काय त्रास झाला, असं एकेक विचारायला लागल्या. जीपवाला मध्ये बसून तिचं बोलणं आम्हाला सांगत होता. गोळ्यांपाशी आला आणि अडखळला.

"बाई, ती सांगी ऱ्हायनी का गोळी खादावर चक्कर येत व्हती. डोकावर मोळी, आनि चक्कर. म्हनीसन बंद करी दिध्या."

"कधी बंद केल्या?"

त्याने विचारलं. ती हसली, आत गेली आणि पत्र्याच्या पेटीतून गुलाबी गोळ्यांची पाकिटं घेऊन आली. दोन गोळ्या कमी. बाकी सगळ्या जागच्या जागी. परत द्यायच्या म्हणून तिने जपून ठेवल्या होत्या.

बाई इतक्या हसल्या की शेजारी ठेवलेली कुबडी घरंगळली. पोर दचकून रडायला लागली, तेव्हा थांबल्या.

"मग आता काय लिहू?" मी विचारलं. "यशस्वी?"

"कोण यशस्वी?"

"गोळी."

"गोळी पेटीत होती."

"मग हिला काढूनच टाकू?"

"कुणाला काढायचं नाही. तिच्या चिठ्ठीत जी गोळी निघाली, तिच्याच रांगेत राहील. लिही: जिवंत बाळ, मुलगी. आणि पुढे लिही: गोळ्या सोडल्या, चक्कर येत होती." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बाकीच्यांना चक्कर येत होती का, विचारलंस कधी?"

नव्हतं विचारलं. पेढ्यांच्या खोक्यात चक्कर कुठून दिसणार?

अशा आम्ही पाच जणी शोधल्या. शेवटी उरल्या दोन. बारा नंबरचा पत्ता कुणालाच ठाऊक नव्हता. राहिली सतरा नंबर. ती तापीकाठच्या गुजर घरातली, केळीच्या बागा, ओसरीवर पितळी कड्यांचा झोपाळा. महिनाअखेरीचा तोच दिवस. बाईंनी जीप गावाबाहेर उभी करायला लावली आणि कुबडीवर अर्धा मैल चालल्या. दवाखान्याची माणसं दारात आली हे शेजाऱ्यांना कळायला नको. कुणी विचारलं तर केळीची रोपं बघायला आलो.

सासू दारातच उभी होती. "बेसो, बेसो," म्हणाली, पण नजर चुकवत होती. चहा आला. बाईंनी विचारलं, सून बरी आहे का? सासूने झोपाळ्याची कडी पुसायला घेतली. पुसलेलीच होती ती.

"तेव्हा पेढे गावभर वाटले, बाई," ती खालच्या आवाजात म्हणाली. "मीच वाटले. मला धीर नव्हता. मग कोणत्या तोंडाने यायचं तुमच्याकडे?"

बाईंनी मला खुणेने मागे पाठवलं. परसात सून धुण्याच्या दगडापाशी उभी होती. पंचविशीची, दहावी शिकलेली. माझ्या काखेतलं रजिस्टर तिने लगेच ओळखलं.

"ताई, माझ्यापुढे काय लिहिलंय तुमच्या वहीत?"

"काही नाही, असंच," मी म्हटलं.

"दाखवा ना."

पान उघडलं तेव्हा मी अंगठ्याने तारा झाकला. तिने माझा अंगठा धरून बाजूला केला. शाळेतल्या पोरीसारखं अक्षर लावून वाचलं: "यशस्वी."

मला वाटलं ती रडेल. ती रडली असती तर बरं झालं असतं.

"तिसऱ्या महिन्यात गेलं," ती म्हणाली. "घरात सगळे म्हणाले, आता बोलायचं नाही. कुणी काही विचारलं नाही. माझ्या आईनेसुद्धा नाही. आता कधी कधी मलाच वाटतं, नव्हतंच काही. मीच मनाने घेतलं."

"मी खोडते हे," मी म्हटलं. "आत्ता खोडते."

"नुसतं खोडू नका, ताई. खोडलं की पुन्हा काहीच राहणार नाही." तिने पान माझ्याकडे वळवलं. "लिहा, होतं. आणि गेलं."

मागे कुबडीचा आवाज झाला. बाई केव्हा येऊन उभ्या राहिल्या होत्या कोण जाणे. त्यांनी जाकिटातून हिरवं पेन काढून मला दिलं. चूक खोडायची ती एकाच रेघेने, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी तारीख आणि सही, हा त्यांचा जुना नियम. पांढरी शाई फासायला दवाखान्यात बंदी होती, आणि मी ती टेबलाच्या खणात लपवून ठेवलेली असायची. त्या दिवशी मी आयुष्यातली पहिली सरळ रेघ मारली. खालचं 'यशस्वी' वाचता येत होतं. तारा तसाच राहिला. शेजारी लिहिलं: गर्भ राहिला, तिसऱ्या महिन्यात गेला.

बाई त्या ओल्या दगडावर बसल्या, साडी भिजली तरी. म्हणाल्या, "आम्ही विचारायला उशीर केला, बाळा. चूक आमची आहे, तुझी नाही."

त्या दिवशी गॉगल मी कुठे ठेवला ते मला आजतागायत आठवत नाही.

परिषद आमच्याशिवाय झाली. मोरपंखी साडी मी जावेच्या हळदीकुंकवाला नेसले. बारा नंबरपुढे बाईंनी 'पत्ता लागला नाही' असं लिहिलं. मी म्हटलं, बाई, एकच तर राहिलीय, अंदाजाने भरू या. "तुला माहीत आहे?" "नाही." "मग तेच लिही." पुढे कितीतरी वर्षं डोंगराकडची जीप दवाखान्यासमोर थांबली की बाई खिडकीतून ओरडून तिच्याविषयी विचारायच्या, नाव न घेता, खुणा सांगून. सापडली नाही.

आणि एवढ्या उठाठेवीतून निघालं काय? की दोन्ही गोळ्यांत फारसा फरक दिसला नाही, आणि एवढ्याशा बायांवरून छातीठोकपणे काही सांगता येत नाही. माझी गुलाबी गोळी! बडे डॉक्टर म्हणाले, हे कोण छापणार? दोन मासिकांनी परत पाठवलं. तिसऱ्याने छापलं.

पाठवण्याआधी मात्र मी त्या मिठाईच्या वाक्यावरून बाईंशी दोन दिवस भांडले. "तुझं नाव आहे का त्यात?" त्या म्हणाल्या. नाव नाही, पण मला माहीत आहे ना! "मग?" म्हणाल्या. तेव्हा मी खरोखर रडले. त्यांनी डाव्या खिशातल्या शेंगा माझ्या ओंजळीत ओतल्या आणि म्हणाल्या, "बीकॉम, उद्या दुसऱ्या कुठल्या गावात कुणी असंच काम काढील. त्याही गावात पेढे असतील की."

वाक्य राहिलं.

बाई जाऊन आता बरीच वर्षं झाली. दवाखान्याच्या जागी मोबाइलचं दुकान आहे, आणि त्याच्या समोर मूल होण्याचा नवा दवाखाना. भिंतभर फोटो. परवा नातीला तिथे मुलाखतीला जायचं होतं, मी सोबत गेले. त्यांच्या पत्रकावर यशाचा मोठा आकडा होता. मी काउंटरवरच्या पोरीला विचारलं, "यातली बाळं किती आणि टेस्टा किती, बेटा?" ती म्हणाली, "आजी, सर सांगतील." मी म्हटलं, "मग?" नातीने मला कोपर मारलं.

तिथेच बाकावर एक बाई बसली होती, सोबत तरुण सून. पन्नाशीकडे झुकलेली, केस पिकायला लागलेले. ती माझ्याकडे बघत होती, मी तिच्याकडे. मग ती उठून आली.

"ताई, तुमच्या वहीत मी होते."

ती अजून धुण्याच्या दगडापाशीच उभी असावी तसं मी तिला ओळखलं. सून कोण, पुतण्याची बायको का मुलाची, हे मी विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही.

"ते छापलं का हो पुढे?" तिने हळूच विचारलं. "बाई म्हणाल्या होत्या, छापणार."

नातीने मोबाइलवर तो लेख काढून दिला. मी तिला तक्ता दाखवला. सगळं इंग्रजी, ओळी, रकाने, आकडे. तिने डोळे बारीक केले.

"यात मी कुठे?"

'गर्भ राहिला, टिकला नाही' असा अर्थ असलेली ओळ नातीने शोधून दिली. मी तिथल्या आकड्यावर बोट ठेवलं. "ही."

तिने तो आकडा वाचला. आकडे तिला येत होते. तो एक नव्हता. एकाहून जास्त होता.

"या बाकीच्या कोण?"

"ते सांगायचं नसतं."

तिने मान हलवली. तो आकडा पुन्हा एकदा वाचला. मग मोबाइल नातीच्या हातात परत दिला आणि पदर सारखा केला.

"म्हणजे मी एकटी नव्हते," ती म्हणाली आणि सुनेशेजारी जाऊन बसली.